‘टाका जागेवर आहे’ एवढ्यावर थांबू नका : प्रसूतितज्ज्ञांना आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर,

मागच्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिला अठरावा आठवडा चालू आहे. आधीचे बाळ पाचव्या महिन्यात, काहीही न दुखता गेले, म्हणून या खेपेला तेराव्या आठवड्यातच तिच्या गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला. तो टाका कसा आहे हे आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी करून बघणार का, असे तिने तिच्या रुग्णालयात विचारले. उत्तर मिळाले, ‘टाका घातल्यावर आतून सोनोग्राफी करायची नाही असे आमच्याकडे ठरले आहे. बघून उपचारात काही फरक पडत नाही.’

फोन ठेवला आणि कपाटाच्या वरच्या खणातून माझी जुनी फाइल काढली. दोन गरोदरपणांचे मिळून अकरा सोनोग्राफी रिपोर्ट त्यात आहेत. ते मी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचले. माझ्या टाक्याविषयी त्या अकरांत मिळून एकच वाक्य आहे आणि ते तीन वेळा आले आहे : ‘टाका जागेवर आहे.’

हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. तुमच्यापैकी कोणावर आरोप करायला मी बसलेले नाही. ज्यांनी माझ्यावर उपचार केले त्यांची नावे इथे येणार नाहीत आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात रागही उरलेला नाही. पण जे घडले ते एकट्या माझ्या बाबतीत घडलेले नाही, हे आता मला माहीत आहे. म्हणून हे तुमच्याशी उघडपणे बोलते आहे, म्हणजे माझ्या बहिणीसारख्या बायकाही ते वाचतील.

आधी माझी हकीकत सांगते.

पहिल्या वेळी विसाव्या आठवड्याची मोठी सोनोग्राफी झाली तेव्हा भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून यायला सांगितले होते. पोटावरून तपासले. रिपोर्टमध्ये गर्भाशयाच्या तोंडाची लांबी ३८ मिलिमीटर लिहिली होती आणि पुढे ‘तोंड बंद’. दहा दिवसांनी खालच्या बाजूला जड वाटू लागले, पांढरा चिकट स्राव वाढला. दुखत काहीच नव्हते. तपासायला गेले तेव्हा पाणमोट तोंडातून खाली आलेली दिसत होती. त्या रात्रीच सगळे संपले. नंतर सांगितले गेले, की पिशवीचे तोंड कमकुवत आहे, ते वजन पेलत नाही. पुढच्या वेळी टाका घालू.

पुढच्या वेळी तेराव्या आठवड्यात टाका घातला. मला वाटले, आता दार बंद झाले. सोळाव्या, विसाव्या आणि तेविसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, तिन्ही वेळा पोटावरून. तिन्ही वेळा तेच वाक्य. तेविसाव्या आठवड्यात तर मी स्वतःहून गेले होते, कारण तोच जडपणा पुन्हा सुरू झाला होता. मी म्हणाले, ‘मागच्या वेळी असेच झाले होते.’ डॉक्टरांनी पोटावर प्रोब (सोनोग्राफीचा दांडा) फिरवला, बाळाचे ठोके ऐकवले आणि म्हणाले, ‘टाका जागेवर आहे, घाबरू नका.’ मी घरी आले. आठ दिवसांनी पाणी गेले आणि कळा सुरू झाल्या. तेव्हा कुठे आतून सोनोग्राफी झाली. पाणमोट टाक्याच्या खाली उतरली होती. टाका कापला. बाळाच्या फुप्फुसांसाठीचे इंजेक्शन जन्माच्या चार तास आधी दिले गेले. मुलगा ६४० ग्रॅमचा होता. नऊ दिवस जगला.

टाका तर तेव्हाही जागेवरच होता. ते वाक्य खोटे नव्हते.

तिसऱ्या वेळी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, दिवस जाण्याआधीच. त्यांनी पूर्ण फाइल वाचली आणि एकच प्रश्न विचारला : ‘मागचा टाका किती उंचीवर बसला होता?’ मला ठाऊक नव्हते. शस्त्रक्रियेच्या नोंदीत धागा कोणता वापरला ते होते, भूल कोणती दिली ते होते, वेळ होती. उंची नव्हती. मग त्यांनी विचारले, ‘टाक्याच्या वर तोंडाचा किती भाग बंद होता? तो केव्हापासून उघडत गेला?’ अकरा रिपोर्ट होते आणि यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नव्हते. त्या खोलीत मला पहिल्यांदा समजले, की मुलगा तर गेलाच, पण त्याच्या जाण्यातून जे शिकता आले असते तेसुद्धा गेले.

त्यानंतर मी वाचायला लागले. मी डॉक्टर नाही. पण ज्या बाईची दोन बाळे याच कारणाने गेली ती या विषयातले मिळेल ते वाचते, तुम्हीही तिच्या जागी असता तर वाचलेच असते.

ज्या टाक्याबद्दल मी लिहिते आहे त्याच्याशी आपल्या मुंबईचे नाव जोडलेले आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. मूत्राशय वर सरकवून तोंडाच्या शक्य तितक्या वरच्या भागाला, आतल्या, म्हणजे गर्भाशयाकडच्या, तोंडाच्या जवळ टाका घालायचा, हे तिचे मर्म. सुरुवातीला त्यासाठी ते रुग्णाच्याच मांडीतल्या आवरणाची पट्टी वापरत. १९५७ साली मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत मांडली, बटव्याच्या दोरीसारखा टाका. १९६५ साली बेन्सन आणि डर्फी यांनी पोट उघडून त्याहून वर टाका घालण्याची पद्धत सांगितली. तिन्ही पद्धतींमध्ये खरा फरक आहे तो टाका किती उंचीवर बसतो याचा. शिरोडकरांनी आपली पद्धत मांडली तेव्हा आत डोकावून बघायची सोय नव्हती. पोटातले अल्ट्रासाउंडने दाखवणारा इयन डोनाल्ड यांचा प्रसिद्ध लेख त्यानंतर तीन वर्षांनी, १९५८ साली आला. बोटांना जे कळे त्यावर शिरोडकरांना भिस्त ठेवावी लागली. तुमच्यावर ती वेळ नाही. शेजारच्या खोलीत यंत्र आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार पोटावरून केलेल्या मोजमापाबद्दल आहे. भरलेले मूत्राशय गर्भाशयाचा खालचा भाग दाबते. त्यामुळे तोंड आहे त्याहून लांब दिसते आणि आतून उघडायला लागलेले तोंड मिटलेले दिसू शकते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे, तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. म्हणूनच लांबी मोजायची खरी रीत म्हणजे मूत्राशय रिकामे करून, योनीमार्गातून. प्रोब हलकेच टेकवायचा, कारण जोर दिला तरीही तोंड लांबच दिसते. आतले तोंड, बाहेरचे तोंड आणि मधली सगळी नळी एकाच चित्रात आली पाहिजे. तीन वेळा मोजायचे आणि नीट आलेल्या चित्रांतली सगळ्यात कमी लांबी लिहायची. आणि थांबायचे. तीन ते पाच मिनिटे थांबायचे, कारण हे तोंड स्थिर नसते. आत्ता बंद असलेले डोळ्यांदेखत नरसाळ्यासारखे उघडते आणि पुन्हा मिटते. पोटाच्या वरच्या भागावर थोडा दाब दिला तरी ते दिसू शकते.

माझ्या तपासणीत तोंडाकडे किती वेळ बघितले गेले ते मी तेव्हा मोजले नाही. आज आठवते तेव्हा वाटते, अर्धा मिनिटसुद्धा नसेल. बाकी सगळा वेळ बाळाकडे. बाळाकडे बघायलाच हवे, पण ज्या बाईचे आधीचे बाळ तोंड उघडल्यामुळे गेले तिच्या तोंडाकडे अर्धा मिनिट?

अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आहे, २,९१५ गरोदर स्त्रियांचा. चोविसाव्या आठवड्यात आतून मोजलेली सरासरी लांबी सुमारे ३५ मिलिमीटर होती आणि लांबी जितकी कमी तितका वेळेआधी प्रसूतीचा धोका जास्त. २५ मिलिमीटर ही आज सगळे वापरतात ती सीमारेषा अशाच अभ्यासांतून आली. ही रेषा आतून मोजलेल्या लांबीसाठी आहे. पोटावरून मोजलेल्या ३८ ला तिच्याशी ताडून बघता येत नाही, आणि माझ्या रिपोर्टमध्ये ते आतून मोजले की पोटावरून, हेसुद्धा लिहिलेले नव्हते. नुसता आकडा वाचणाऱ्याला वाटावे, सगळे उत्तम आहे.

दुसरी तक्रार, टाका घातल्यानंतरच्या रिपोर्टची. आतून सोनोग्राफी केली तर टाका दिसतो. तोंडाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला दोन ठळक पांढरे ठिपके. तिसऱ्या खेपेस माझ्या डॉक्टरांनी मला पडद्यावर बोट ठेवून ते दाखवले तेव्हा मी किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. इतके साधे दिसते ते! त्या ठिपक्यांपासून बाहेरच्या तोंडापर्यंतचे अंतर म्हणजे टाक्याची उंची. ठिपक्यांच्या वर बंद असलेला भाग म्हणजे टाक्याच्या डोक्यावर शिल्लक असलेला आधार. आतून नरसाळे पडले असेल तर ते ठिपक्यांपर्यंत पोचले की अलीकडेच थांबले, हे दिसते. बरोबर एकूण लांबी. या चार गोष्टी म्हणजे टाक्याची खरी प्रकृती. नरसाळे टाक्यापर्यंत पोचले असेल तर प्रसूती लवकर होण्याची शक्यता वाढते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ‘टाका जागेवर आहे’ या वाक्यात यांपैकी एकही गोष्ट नाही. दाराला कडी आहे एवढेच ते सांगते. दार कुठवर ढकलले गेले आहे, ते सांगत नाही.

तिसरी तक्रार थोडक्यात. शस्त्रक्रियेच्या नोंदीत टाक्याची उंची लिहिलेली नव्हती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ती माहीत असणार, निदान अंदाजाने. सोनोग्राफीवाल्यांनी ती मोजली नाही, कारण कोणी विचारली नाही. विचारली नाही, कारण एकाचा कागद दुसऱ्यापर्यंत फक्त माझ्या हातून जात होता आणि मला काय विचारायचे ते माहीत नव्हते.

चौथी तक्रार सांगणे मला जड जाते. तेविसाव्या आठवड्यात मी लक्षणे सांगितली होती. जडपणा, वाढलेला स्राव, पाठीत भरून येणे. टाका घातलेल्या बाईने हे सांगितले तर तिला त्याच दिवशी आतून तपासले पाहिजे. त्या आठ दिवसांत काय करता आले असते? कदाचित बाळ वाचले नसते. चोविसाव्या आठवड्यातल्या बाळाची वाट अवघडच असते आणि मी स्वतःला खोटा दिलासा देत नाही. पण लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवून दिल्यापासून आपल्याला माहीत आहे, की आईला वेळेवर स्टिरॉइड, म्हणजे फुप्फुसांसाठीचे तेच इंजेक्शन, दिले तर कच्च्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे जास्त तयार होतात. त्याचा सर्वांत चांगला उपयोग इंजेक्शननंतर चोवीस तास ते सात दिवस या काळात होतो. माझ्या मुलाला चार तास मिळाले. कच्च्या बाळांची चांगली सोय असलेल्या ठिकाणी पोटात बाळ असतानाच जाता आले असते. निदान आम्हा दोघांना डॉक्टरांशी बसून बोलता आले असते, की बाळ आले तर काय करायचे आणि कुठवर. हे सगळे घाईत, कळा येत असताना विचारले गेले.

तुमचे उत्तर काय असेल हे मला ठाऊक आहे, कारण माझ्या बहिणीला तेच मिळाले. उपचारात फरक पडत नाही. आणि हे उत्तर हवेतले नाही, हे मान्य करते. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ सालच्या मार्गदर्शिकेत लिहिले आहे, की टाका घातल्यावर पुन्हा पुन्हा लांबी मोजण्याची गरज नाही. त्यामागचा विचारही मला कळतो. टाक्यावर नरसाळे दिसले तरी दुसरा टाका घालून फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही. बाईला अंथरुणात झोपवून ठेवल्याने बाळ पोटात जास्त दिवस राहते असेही सिद्ध झालेले नाही, आणि झोपून राहण्याचे तोटे मात्र आहेत. मग आकडा कमी आला की बाई घाबरणार, डॉक्टर काही तरी केलेच पाहिजे म्हणून नको ते करणार. ही भीती खरी आहे.

पण ‘सगळ्यांना दर वेळी करण्याची गरज नाही’ याचा अर्थ ‘कोणालाच कधीच करायची नाही’ असा कसा झाला? ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची मार्गदर्शिकाही सरसकट मोजमापाची शिफारस करत नाही, पण निवडक रुग्णांत, विशेषतः लांबी कमी झाल्यामुळे टाका घातलेल्यांत, स्टिरॉइड वेळेवर देण्यासाठी किंवा आईला वेळीच दुसरीकडे हलवण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो असे म्हणते. म्हणजे फरक पडतो. तो टाक्यात पडत नसेल, बाळाच्या तयारीत पडतो. डॉक्टर, उपचार म्हणजे केवळ सुई आणि धागा नव्हे. आठ दिवस आधी कळणे हासुद्धा उपचार आहे.

आणि घाबरण्याबद्दल. मी न कळल्यामुळे शांत नव्हते. टाका घातलेली बाई दर वेळी बाथरूमला जाताना घाबरलेली असते. आकडा सांगा, त्याचा अर्थ सांगा, त्यावर तुम्ही काय करणार आणि काय करणार नाही तेही सांगा. ‘यावर आता दुसरा टाका उपयोगाचा नाही, पण इंजेक्शन देऊन ठेवू’ हे ऐकण्याचे बळ आमच्यात असते.

टाका घालण्याआधी तुम्ही अल्ट्रासाउंडवर किती विश्वास ठेवता ते बघा. आधी बाळ लवकर गेलेल्या बाईची लांबी साधारण सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यात, बहुतेक दोन दोन आठवड्यांनी मोजायची आणि २५ मिलिमीटरच्या खाली गेली तरच टाका घालायचा, ही रीत आज जगभर मान्य आहे. या रीतीने अशा बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना टाका न घालताही सुखरूप ठेवता येते. पाच चाचण्यांतल्या अशा, लांबी कमी झालेल्या ५०४ स्त्रियांची माहिती एकत्र केली तेव्हा, २०११ साली, असे दिसले, की टाका घातलेल्यांत पस्तीस आठवड्यांआधी प्रसूती २८ टक्के आणि न घातलेल्यांत ४१ टक्के. उलट बहुतांशी पूर्वी असे काही न घडलेल्या, पण लांबी १५ मिलिमीटर किंवा कमी आलेल्या बायकांना टाका घालून बघितले, तर २००४ सालच्या चाचणीत फायदा दिसला नाही. अशा बायकांत रोज रात्री योनीमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनने मात्र चौतीस आठवड्यांआधीच्या प्रसूती कमी झाल्या, ३४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर, हे २००७ साली दिसले. कोणाला टाका, कोणाला औषध, कोणाला काहीच नको, हे सगळे ठरते त्या मिलिमीटरवर. टाका घालण्याच्या क्षणापर्यंत एकेक मिलिमीटर महत्त्वाचा, आणि धागा आवळला की मोजपट्टी खाली ठेवायची? हे माझ्या मनाला पटत नाही.

तोंडाभोवती बसवायच्या सिलिकॉनच्या रिंगचे उदाहरण घ्या. २०१२ साली स्पेनमधल्या चाचणीत आखूड तोंडाच्या बायकांना रिंग बसवून मोठा फायदा दिसला, सगळ्यांना वाटले मार्ग सापडला. २०२३ साली अमेरिकेतली मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. प्रसूती लांबली नाहीच, उलट रिंग बसवलेल्यांत बाळांचे मृत्यू जास्त दिसले. म्हणून म्हणते, चांगले वाटणारे उपचारही मोजून बघावे लागतात. एखाद्या नव्या उपचाराला जी कसोटी, ती एकेका बाईच्या एकेका टाक्याला का नको?

उंची हेच सर्वस्व आहे असे माझे म्हणणे नाही. टाका असूनही बाळ गेलेल्या स्त्रियांवरची एक चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. त्यात पोटातून टाका घातलेल्यांपैकी ८ टक्के बत्तीस आठवड्यांआधी प्रसूत झाल्या, खालून नेहमीचा टाका घातलेल्यांपैकी ३३ टक्के. खालूनच, पण जरा उंचावर घातलेल्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही. माझ्या डॉक्टरांनी मला हे दोन्ही निष्कर्ष सांगितले आणि मग आम्ही पोटातून टाका घालायचे ठरवले. पण माझ्या बाबतीत आधीचा टाका खाली बसला होता म्हणून हरला, की चांगला बसूनही तोंडच टिकले नाही, हे मला आजही माहीत नाही. २०२२ साली ब्रिटनमध्ये दोन हजारांहून अधिक बायकांवर धाग्याची चाचणी झाली, एकपदरी धागा चांगला की विणलेला, आणि बाळ गमावण्याच्या प्रमाणात फरक सापडला नाही. माझ्या नोंदीत नेमका धाग्याचाच प्रकार लिहिलेला आहे.

आता मागण्या. पहिली : तोंडाची लांबी लिहाल तिथे ती आतून मोजली की पोटावरून हे लिहा, आणि मूत्राशय भरलेले होते का तेही. आधी बाळ गेलेल्या बाईची लांबी पोटावरून मोजून ‘ठीक’ म्हणून सोडू नका.

दुसरी : टाका घालणाऱ्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या नोंदीत उंची लिहावी. टाका घातल्यानंतर एकदा तरी, तो स्थिरावल्यावर, आतून सोनोग्राफी करून वर सांगितलेल्या चारही गोष्टी आकड्यांत नोंदवाव्यात. ही एक तपासणी म्हणजे पुढची तुलना करण्यासाठीचा पाया. पाया नसेल तर नंतर दिसलेले ‘२०’ हे कमी झालेले वीस की पहिल्यापासूनचे वीस, कोणालाच कळणार नाही.

तिसरी, आणि ही मी सगळ्यांत कळकळीने मागते : टाका असलेल्या बाईने जडपणा, स्राव, पाठदुखी, रक्ताचा डाग यांपैकी काहीही सांगितले तर ‘टाका आहे ना’ हे उत्तर देऊ नका. त्याच दिवशी आतून बघा. तेविसाव्या-चोविसाव्या आठवड्याच्या आसपास तर नक्कीच, कारण स्टिरॉइड आणि रुग्णालय बदलण्याचे निर्णय तिथूनच सुरू होतात.

मार्गदर्शिका लिहिणाऱ्या समित्यांना वेगळी विनंती. ‘गरज नाही’ या शब्दांपुढे आणखी एक ओळ घाला, की कोणाला गरज आहे. तुमची एक ओळ खाली रुग्णालयात पोचेपर्यंत नियम बनते. माझ्या बहिणीपर्यंत ती ‘करायची नाही’ अशी पोचली. त्या समित्यांत टाका घातलेल्या एक-दोन बायकांनाही बसवा. आम्हाला धाग्याचे शास्त्र कळत नाही, पण रिपोर्ट हातात घेऊन घरी जाताना काय कळत नाही ते आम्ही नेमके सांगू शकतो.

आणि आम्हाला सांगा. आतून सोनोग्राफी म्हटले की अनेक बायका नको म्हणतात, कारण प्रोबने टाका सुटेल असे वाटते. मलाही वाटले होते. प्रोब योनीतच राहतो, तोंडाच्या आत जात नाही, टाक्याला त्याने इजा होत नाही, हे दोन वाक्यांत सांगता येते. आधी विचारा, कारण सांगा, आडोसा द्या, मग बाई हो म्हणेल.

माझ्या तिसऱ्या गरोदरपणात सोळाव्या, विसाव्या आणि चोविसाव्या आठवड्यात आतून सोनोग्राफी झाली. दर वेळी डॉक्टरांनी आकडे मोठ्याने वाचले आणि माझ्याकडून लिहून घेतले. ती वही अजून माझ्याकडे आहे. मुलगी सदतिसाव्या आठवड्यात सिझेरियनने झाली, आता चार वर्षांची आहे. ती मोजमापामुळे वाचली असे मी म्हणणार नाही, तिला पोटातून घातलेल्या टाक्याने धरून ठेवले असावे. पण त्या पाच महिन्यांत काय चालले आहे हे मला माहीत होते, आणि काही बिनसले असते तर आम्हाला ते वेळेत कळले असते.

माझ्या बहिणीची विसाव्या आठवड्याची तपासणी पंधरा दिवसांवर आली आहे. तिच्या वहीत मी चार ओळी लिहून दिल्या आहेत : एकूण लांबी, टाक्याची उंची, टाक्याच्या वरचा बंद भाग, नरसाळे आहे का आणि कुठवर. चारही ओळींपुढची जागा कोरी ठेवली आहे. ती वही तुमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर ती ठेवेल. कृपया ती जागा भरा.

आपली,
तीनदा गरोदर राहिलेली एक आई